न लागलेलं विरजण

आमच्या प्रयोगशाळेत त्या तपकिरी पावडरीला सगळे विरजणच म्हणायचे. पिकांच्या मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. त्यांचा जीव घेणारा एक जिवाणू आम्ही सांभाळला होता. हा शहाणा काचेच्या बशीत वाढायचं नावच घेत नाही. म्हणून कुंडीत टोमॅटो, टोमॅटोच्या मुळांत कृमी आणि कृमींच्या पोटात हा. मुळं वाळवून कुटायची, त्यातली चिमूटभर पुढच्या कुंडीला. वर्षानुवर्षं तेच. कुणाच्याही दुधाला कुणाचंही विरजण चालतं, तसंच हेही, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

खडकवासल्याच्या बाजूला माझ्या नणंदेची गुलछडी होती. रोज मंडईत फुलं जायची. त्या वर्षी झाडं खुरटली, मुळं गाठींनी भरली. विहिरीशेजारी विष ओतायला वन्सं तयार नव्हत्या. "वहिनी, तुमच्या विरजणानं वाचली तर वाचली, नायतर शेती बंद," म्हणाल्या. त्यांचा मुलगा तिथं बंगला बांधायचा म्हणून मागे लागलाच होता. त्यांनी दोन पिशव्या माती दिली. एक आजारी वाफ्यांतली, दुसरी रस्त्याकडच्या कोपऱ्यातली. तिथली झाडं मात्र का कोण जाणे टवटवीत होती.

आजारी मातीतल्या कृमींच्या अळ्यांवर पावडर टाकली, सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि चक्रावलेच. आमच्या कुंडीतल्या अळ्यांना या जिवाणूचे बीजाणू असे चिकटतात की बिचाऱ्यांना हलता येत नाही. इथं एकही चिकटलेला नाही! अळ्या मजेत वळवळतायत. मी ओरडले तसे सर आत आले. "पावडर टाकायला विसरला नाहीत ना आपण?" विसरायला मी काय काल लागले होते? पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. एकाच जिवाणूच्या घराण्याघराण्यांत एवढा फरक! आमचं घराणं फक्त आमच्या कुंडीतल्या कृमींना ओळखत होतं. वन्संना फोन करून खरं ते सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

आठवड्यानं कोपऱ्याच्या मातीकडे वळले. पिशवीभर माती धुऊन अळ्या काढल्या, रंग घालून पाहिल्या. पावडर अजून टाकलीही नव्हती, आणि अळीअळीच्या अंगाला बीजाणू! अगं बाई, त्या मातीचं स्वतःचं विरजण होतं! पण रंगवलेल्या अळ्या कुंडीत घालायच्या कामाच्या उरल्या नव्हत्या आणि धुतलेली माती मोरीतून गेली होती. स्वारगेटला धावत जाऊन मिळेल ती बस पकडली.

कोपऱ्यात जेसीबी उभा होता. पाया खणून झाला होता, माती ट्रकनं कुठल्याशा भरावाला गेली होती, कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अहो वन्सं, इथल्या गुलछडीचे कंद तरी ठेवलेत का?" कंदांना चिकटलेली मूठभर माती मला पुरली असती.

वन्सं खुशीत आतून टोपली घेऊन आल्या. "तुमच्यासाठीच काढून ठेवलेत की! नळाखाली घासून घासून धुतलेत. मातीचा कण तरी हाय का बघा."