प्लेटवरचं पिंपळपान

ठसे काढायच्या जेलीसारख्या प्लेटवर रोलरने निळा रंग पसरला, कागद दाबला आणि अलगद उचलला. भेटकार्डासाठी पार्श्वभूमी सुरेख उमटली, पण कोपऱ्यात पुन्हा तेच पिंपळपान!

परदेशी जायच्या दिवशी लेक माझ्यासोबत कार्डं करत बसली होती. निघायच्या गडबडीत तिच्या हातातला रबरी शिक्का या मऊ प्लेटवर तसाच राहिला, आणि पानाचा ठसा कायमचा रुतला. आता रंग कुठलाही लावा, पान येतंच.

"आई, नवी प्लेट घे ना गं," ती फोनवर म्हणते.

"घेते," मी म्हणते, आणि तो कोपरा सोडून उरलेल्या कागदावर फुलांचे शिक्के मारत राहते.

घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचेपर्यंत केर काढू नये म्हणतात. तिला पोचून चार वर्षं झाली. मी अजून थांबलेय.