साहेबांच्या दारावरची गंजकी पाटी

माझ्या धाकट्या जावेला राग आला की तो मुक्कामालाच येतो. एका चमच्यावरून ती माझ्याशी दोन वर्षं बोलली नव्हती. साहेबांना हे ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

इस्पितळातल्या कात्र्या-चिमटे धुऊन वाफेच्या यंत्रात घालायचे, हे काम तिनं अठरा वर्षं केलं. कधी डाग नाही. मग नवे साहेब आले. त्यांना घाई फार. मऊ ब्रश काढून त्यांनी लोखंडी तारेची घासणी दिली, वर ब्लीचचं पाणी.

जाऊ म्हणाली, "साहेब, या स्टीलवर डोळ्याला न दिसणारी साय असते. ओरखडा पडला तरी हवा लागली की परत धरते. पण घासणीचं लोखंड त्यात रुतलं, ब्लीच अंगावर राहिलं आणि वर गरम वाफ, की साय धरत नाही. मग गंज."

"बाई, आता तुम्ही मला शिकवणार?"

महिन्याभरात कात्र्यांवर तांबूस ठिपके उठले. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "स्टील गंजत नाही. हात घाणेरडे असले की गंजतं." आणि तिला फरशी पुसायला लावलं.

घरी आली ती जेवली नाही, रडलीही नाही. मी म्हटलं, "सोडून दे गं."

"सोडते ना, जाऊबाई. आधी धरू तर दे."

साहेबांच्या दारावर त्यांच्या नावाची स्टीलची पाटी होती, आरशासारखी. शेजारीच वाफेची खोली, त्यामुळे तिथं कायम ऊब आणि ओल. जाऊ ती पाटी रोज पुसू लागली. तीच घासणी, तेच पाणी. साध्या पाण्याचा हात काही फिरवला नाही.

साहेब खूश. "बघा, धाक असला की कामं होतात."

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या आडनावावर गंज फुटला. इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या, त्या बघत उभ्या राहिल्या.

"हिनंच केलं," साहेब म्हणाले.

"मीच केलं. घासणी तुमची, पाणी तुमचं, पद्धत तुमची. आता सांगा, हात कुणाचे घाण?"

बाईंनी कात्र्यांचा डबा मागवून पाटीशेजारी धरला. ठिपके तेच. दुसऱ्या दिवशी जाऊ वाफेच्या खोलीत परत, मऊ ब्रशासकट.

नवी पाटी मागायची तर साहेबांना कारण लिहून द्यावं लागलं असतं. म्हणून ते हळूच तिलाच विचारायला आले, "हे निघेल का हो?"

"निघेल की. मला येतं काढायला."

"मग काढा ना."

"येतं म्हटलं, साहेब. काढते कुठं म्हटलं?"

साहेबांची बदली होईपर्यंत पाटी तशीच राहिली. चहाची टपरी दुसऱ्या बाजूला, तरी चहाला जाताना जाऊ रोज त्या दारावरून जायची. तिला तो रस्ता लांबचा पडायचा.