परतीचे आकडे

“माजघर आहे हे, तुमची लॅबोरेटरी नाही. तीन दिवस झाले, ताटं मांडायला जागा नाही,” यशोधराबाई म्हणाल्या. “काढा ती तार.”

“आजच्यापुरती राहू दे.”

“कालही आजच्यापुरतीच होती. सगळी दुनिया म्हणते संताजीची गलती, तुम्हालाच काय पडलंय?”

चिंतामणराव वर बघत होते. तुळईवरून दोन तारा शेजारी शेजारी लोंबत होत्या. एकीवर मोजपट्टी, दुसरीवर काटा, आणि खाली वजनांसाठी आकडा. रस्त्यावरून टांगा गेला की दोन्ही बारीक थरथरत, आणि त्या थांबेपर्यंत ते श्वास रोखून बघत.

बावीस वर्षं ते कॉलेजात फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर होते. होळकरांच्या अमदानीत लागलेले, आता मध्यभारत सरकारचे नोकर. तारेला एकेक किलो वजन लावायचं, ती किती ताणली ते मोजायचं, त्यावरून पोलादाचा ताठपणा काढायचा. मग वजनं एकेक उतरवत पुन्हा मोजायचं. तार होती तिथे परत आली तरच ती भरवशाची. आळशी मुलं परतीचं मोजतच नसत, चढतीचे आकडे उलटे लिहून मोकळी होत. अशा पानावर चिंतामणराव लाल रेघ मारत. मुलांनी त्यांचं नाव रेघमारे मास्तर पाडलं होतं.

माघात एका मिलने कापसाच्या गाठी वर चढवायच्या पोलादी दोराची तार त्यांच्याकडे तपासायला पाठवली. पाच किलो चढवून झाले तोच घरून यशोधराबाईंची चिठ्ठी आली. सरलाला बघायला उज्जैनची मंडळी आली आहेत, ताबडतोब निघा. त्यांनी सगळी वजनं एकदम काढली, परतीचा रकाना चढतीवरून भरला आणि सही केली. चैत्रात दोर तुटला. गाठी खाली उभ्या संताजी हमालावर पडल्या, तो जागीच गेला. मिलने लिहिलं, प्यायला होता, जास्त गाठी चढवल्या.

संताजीची बायको द्वारकाबाई छत्रीबागेत राहायची, कॉलेजच्या वाटेवर. मास्तर मातीला आले होते एवढ्यावर ती रोज दारातून हात जोडायची. “रामराम मास्तरजी. ते पीत नव्हते हो.” त्यांनी लांबची वाट धरली. तिथेही मागून कुणी रामराम म्हटलं. वळून पाहिलं तर गल्ली रिकामी. हल्ली खुंटीला पिशवी अडकवली तरी ते तिच्याखालचा हात लगेच काढत नसत.

त्याच भेंडोळ्यातला उरलेला तुकडा आता माजघरात होता. खराब तार एकदा ताणली की पहिल्यासारखी राहत नाही, म्हणजे मोजणी एकदाच. तीन दिवस त्यांना वजन लावायचा धीर झाला नव्हता.

“काट्यावरचे आकडे मी वाचणार नाही,” ते म्हणाले. “मला हवं तेच दिसेल. तू वाच.”

“आणि खराब निघाली तर? नोकरी जाईल. उज्जैनवाले सोयरीक मोडतील.”

“वाच.”

यशोधराबाईंनी पदर खोचला आणि डोळा काट्याशी नेला. पाच रेघा. दहा. पंधरा. वीस. अठ्ठावीस. ते एकेक किलो वजन लावत वहीत लिहीत गेले. मग त्यांनी एक वजन उतरवलं.

यशोधराबाईंनी काट्याकडे पाहिलं, मग वहीकडे. “वीस.”

आणखी एक. “पंधरा.”

आणखी एक. “दहा.”

चिंतामणरावांनी पेन खाली ठेवलं. “चांगल्या तारेचेही आकडे इतके तंतोतंत जुळत नाहीत गं. एखादी रेघ इकडेतिकडे होतेच. जुळले की मी ओळखतो, पोरगं वरचं बघून लिहितंय.” मग म्हणाले, “माझेही असेच जुळले होते.”

स्वयंपाकघरात सरला पोळ्या लाटत होती. यशोधराबाई काट्यापाशी तशाच वाकून राहिल्या.

“तेरा,” त्या म्हणाल्या. “आधी तेवीस होतं, मग अठरा. खोडा ते.”

चिंतामणरावांनी खोडलं आणि पुढचं वजन काढलं. “आठ.” शेवटचंही काढलं. आता तारेला काहीच नव्हतं.

“तीन,” यशोधराबाई म्हणाल्या. “खाली जात नाही. तीनवरच आहे.”

चिंतामणराव जमिनीवर बसले. यशोधराबाई स्वयंपाकघराच्या दारात गेल्या.

“सरला, उद्या आम्ही दोघं तुकोगंजात फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जाणार आहोत. तार खराब होती आणि ह्यांनी न मोजता सही केली, असं लिहून देणार आहोत. उज्जैनला आजच पत्र जाईल.”