तांबड्या पाण्याचे मामा

आमच्या मामांचे दात विटेच्या रंगाचे होते. नवखा माणूस हमखास विचारायचा, "मास्तर, तंबाखू कुठली खाताय?" मामांनी जन्मात तंबाखूला बोट लावलं नव्हतं. ते दात विहिरींनी रंगवले होते. मामा नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात होते. लस टोचता टोचता समोरच्याला चार गोष्टी शिकवायचे, म्हणून पेठेचे ते मास्तर. पटकीची साथ आली की विहिरीत तांबडं औषध सोडणं हेही त्यांचंच काम. गुलाबी पाणी बघून लोक नाकं मुरडायचे. मग मामा त्यातलंच तांब्याभर पाणी सगळ्यांदेखत घटाघटा पीत आणि विचारत, "बघा, मेलो का?" असे पंधरा-वीस उन्हाळे गेल्यावर दातांचं दुसरं काय होणार?

जंतूंवर त्यांची फार निष्ठा. कुणी म्हणालं, "जंतू दिसत तर न्हाईत ओ," की मामा म्हणत, "देव दिसतोय व्हय? तरी नारळ फोडताच की!" आमच्याकडे आले की चप्पल काढायच्या आधी हंड्यात डोकावायचे.

"आक्का, उकळी आलती का?"

"आलती रे बाबा," आई म्हणायची. "आता शपथ घेऊ का?"

"शपथ नको, झाकण घाल."

दूधकट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन अख्खं कोल्हापूर फेसासकट दूध पितं. मामा एकटेच किटली घेऊन जात आणि घरी नेऊन उकळत. गवळी म्हणायचा, "मास्तर, म्हशीला राग येतोय बगा."

मी तेव्हा तालमीत जायचो. पैलवान होतो असं म्हणवत नाही, जायचो. तालमीच्या आवारातली विहीर हीच गल्लीची विहीर. त्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीत पटकीनं दोघं गेले आणि मामांनी आमच्या विहिरीत औषध सोडलं. तालमीचे वस्ताद भडकले. "तांबड्या पाण्यानं अंग सैल पडतंय. माझी पोरं नदीचं पाणी पितील." वस्ताद नदीचं म्हणाले की अख्खी गल्ली घागरी घेऊन नदीला जाणार, हे मामांना पक्कं ठाऊक. "वर म्हशी धुत्यात, खाली तुमी पिणार," मामा म्हणाले. "आठ दिवस थांबा, वस्ताद. माझा भाचा रोज हेच पाणी पील. त्याला काय झालं तर मीच या विहिरीचा दोर काढून देतो, मग खुशाल नदीला जा."

मला कुणी विचारलंच नाही. पण बघायला बायाबापड्या जमायच्या, त्यामुळे मी छाती फुगवून प्यायचो. कुस्तीत एवढी माणसं मला बघायला कधी आली नव्हती.

सहाव्या दिवशी मला हगवण लागली. किती वेळा गेलो ते मोजणं मी सोडून दिलं. मामा भाताची पेज घेऊन आले, उशाशी बसले आणि हळूच म्हणाले, "बाहेरचं काय खाल्लतंस?"

"न्हाय," मी म्हणालो.

मामांनी विश्वास ठेवला. तिथंच माझं पोट जास्त दुखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गलका ऐकू आला. भिंतीला धरत धरत मी विहिरीवर गेलो. गल्ली घागरी घेऊन उभी होती आणि मामा बोलल्याप्रमाणे स्वतःच्या हातानं रहाटाचा दोर सोडत होते. गाठ सुटत नव्हती.

"वस्ताद," मी म्हणालो, "मी रंकाळ्यावर बर्फाचा गोळा खाल्ला."

"किती?"

"चार."

बर्फ गोणपाटातला, आणि गाडीवाला पेले ज्या बादलीत बुचकळत होता ती मी बघितली होती. बघूनही खाल्ले, हेही सांगून टाकलं.

वस्ताद माझ्यावर कडाडले, "पैलवान म्हणवतोस आन् गोळं चोखतोस? पोट थांबलं की पाचशे बैठका!" मग त्यांनी मामांच्या हातातला दोर घेतला, परत आवळला, बादली सोडली आणि तांब्याभर गुलाबी पाणी उभ्या उभ्या पिऊन टाकलं. "कडू हाय की ओ, मास्तर."

"हाय," मामा म्हणाले.

त्या साथीत आमच्या गल्लीतून कुणी गेलं नाही. बैठका मात्र मला पाचशेच्या पाचशे घालाव्या लागल्या.

मामा खूप वर्षांनी गेले, म्हातारे होऊन. शेवटच्या दिवशी आईनं देवघरातलं गंगाजल आणलं. मामांनी ओठ मिटून घेतले. आई वाकली तेव्हा पुटपुटले, "उकळलंय?" आईला रडू फुटलं. कोपऱ्यात बसलेले वस्ताद गुडघ्यावर हात देत उठले, गडू घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि उकळी येईपर्यंत चुलीपुढून हलले नाहीत. परत आल्यावर गडूवर फुंकर घालू लागले.

मामांनी एक डोळा उघडला. "फुंकू नका त्यात."

वस्तादांनी गडूवर झाकण घातलं आणि तो खिडकीत ठेवला. पाणी निवेपर्यंत मामा थांबले.