दोन वाटा, एक चर

भोरच्या ऑफिसात बसून मी वेल्ह्यापर्यंतचं फायबरचं जाळं आखलं, तेव्हा माझ्याइतका हुशार माणूस अख्ख्या तालुक्यात नाही असं मला मनापासून वाटायचं. हे जाळं गोल असतं. केबल एका वाटेनं जाते आणि दुसऱ्या वाटेनं परत येते. एकीकडं तुटली तर दुसरीकडून नेट चालू राहतं. नकाशावर मी एक वाट लाल काढली, एक निळी. दिसायला झकास! फक्त विंझरच्या पुढं, जिथं एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला ओढा येतो, तिथं दुसरा चर खणायचा मला कंटाळा आला. दोन्ही केबली एकाच चरात टाकायच्या ठरवल्या. नकाशावर मात्र रेघा बोटभर लांबच ठेवल्या.

आमचे जॉइंटर विंझरचेच. केसासारख्या काचेच्या तारा जोडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पन्नाशी उलटलेले, बारा वर्षं ठेक्यावर. त्यांना आता तरी कायम करायचं की नाही, ते पुण्याचे साहेब त्याच वर्षी ठरवणार होते. सगळे त्यांना मामा म्हणत.

चरापाशी मामा म्हणाले, "सायेब, दोनी केबली एकाच खड्ड्यात? उद्या जेसीबीचा दात लागला तर दोनीबी जातील की. एक पल्याडच्या बांधानं नेऊ. म्या उभा ऱ्हाऊन खणून घेतो, तुमी फकस्त व्हय म्हना."

"मामा, डिझाईन मी करतो. तुम्ही जोडा आणि गप बसा. सातवीपर्यंत शिकलेल्यानं मला अक्कल शिकवू नये."

खणणारी माणसं फिदीफिदी हसली. मामा खाली मान घालून कामाला लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

दोन महिन्यांत रस्त्याच्या कामाला जेसीबी आला आणि एका फटक्यात दोन्ही केबली गेल्या. विंझरच्या पुढं सगळं ठप्प. बोंबला! पुण्याहून फोन आला: दुसरी वाट का चालली नाही, लेखी कळवा.

मामा चिखलात उकिडवे बसून तारा जोडत होते. काचेची कुसळं बोटात घुसत होती. चिमट्यानं काढायची आणि पुढची तार घ्यायची. मी गाडीत बसून इंग्रजीत रिपोर्ट लिहिला. दुसरी वाट वेगळ्या चरात होती, पण तिच्यावरचा जॉइंट आधीपासूनच खराब होता, जोडणाऱ्याचा निष्काळजीपणा. पुण्याचं कोण येतंय चर उकरून बघायला?

रिपोर्टवर जॉइंटरची सही लागते. नेट चालू झाल्यावर मामांनी हात पुसले. "काय लिवलंय सायेब? वाचून दावा की."

मी न अडखळता वाचून दाखवलं. "जेसीबीनं दोन्ही केबली तोडल्या. जॉइंटरनं उपाशीपोटी दिवसभर बसून काम पुरं केलं. अशा माणसाला कायम करावं, ही शिफारस."

मामांचे डोळे भरून आले. "तुमच्याबद्दल लई वंगाळ आलं व्हतं मनात, सायेब. माफी करा." बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी एकेक अक्षर जपून सही केली.

पंधरा दिवसांत त्यांना घरी बसवलं. सहीच होती, कुणी काही विचारलं नाही.

अजून विंझरला गाडी थांबली की मामा धावत येतात. "तुमी चांगलं लिवलं व्हतं. पुन्याच्या लोकांनी ऐकलं न्हाई, त्याला तुमी काय करनार?" असं म्हणून मला चहा पाजतात. मी पितो. कधी अर्धा आणखी मागतो.