घर झाडून राहिलेला जावई

२ मार्चची गोष्ट. वर्षाच्या तिखटासाठी मिरच्यांचे देठ काढायचे होते, म्हणून लेकीला हाताशी घेतलं. ती सौंसरहून बॅग भरून पांढुर्ण्याला आली होती आणि परत जायचं नाव काढत नव्हती. नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही. फक्त दिवसभर तिच्यामागे वस्तू सरळ करत फिरतो. कप खाली ठेवला की धुवायला नेतो, आत अर्धा चहा असला तरी.

शेजारची वहिनी मोबाइलवर भुताची गोष्ट लावून मदतीला बसली. गोष्टीतला नवराही असाच. डबे एका ओळीत नसले की बायकोला बोलायचा. ती मेली आणि भूत होऊन रोज डबे उपडे करू लागली.

"अजून सांड!" लेक खूश.

मला मात्र त्याचीच कीव आली. बायकोला त्यानं सुखानं जेवू दिलं नव्हतं, हे खरं. पण भूत समोर उभं असताना हा थरथरत सांडलेली डाळ वेचतो, वरून त्यातले खडेही काढतो! हा दुष्टपणा नव्हे, त्याला स्वतःलाच थांबता येत नाही. मी तसं बोलून दाखवलं, तर दोघी माझ्यावरच उलटल्या.

तेवढ्यात जावयाचा फोन आला. हात मिरचीचे, म्हणून मी कोपरानं स्पीकर लावला.

"आई, तिले सांगा, मी सकाळपासून घर झाडून राहिलो."

आमच्याकडे खोली झाडतात तशी भुतंही झाडतात, आणि वहिनीचं डोकं अजून गोष्टीतच होतं. "अवो माय! पोरीले भूत लागलं समजून मांत्रिक आणला काय?"

"मी भूत आहो काय?" लेक कडाडली.

"कोण भूत? झाडूनं झाडतो न! पंख्यामागं जाळं होतं." मग तो तिला म्हणाला, "तुझी ओढणी खुर्चीवर टाकली. तू टाकते तशी."

"घडी केली असन."

"केली होती. मग उलगडून फेकली. पण..."

"पण काय?"

"दोन्ही टोकं बरोबर आली. मुद्दाम नाही केलं, कसम से."

लेक ठसका लागेपर्यंत हसली आणि फोन घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सौंसरच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून तिनं विचारलं, "परत तसंच करून राहिला तर?"

"तर तिथंच भांड. मेल्यावर भांडून त्याले काही समजत नाही."

बस सुटल्यावर मी भाजी घेऊन घरी आले.