ऑगीची एकोणतिसावी रायफल

"डोळे मीट," ऑगी म्हणाला.

लोरेटानं मिटले.

"आता उचल. खांद्याला लाव. गाल टेकव. टेकवलास? आता उघड."

तिनं डोळे उघडले. नेम धरायची नळीवरची माशी मागच्या भोकाच्या बरोब्बर मध्यावर होती.

"आयला!"

"मान वाकडी करावी लागली?"

"जराही नाही."

"करावी लागली असती तर माझं काम कच्चं. आण इकडं, अजून तेल द्यायचंय."

ऑगस्ट होव्हानेक, वय एकाहत्तर. टॅनरी रन गावात त्याला ऑगस्ट म्हणणारा एकटा पाद्री, बाकी सगळ्यांचा तो ऑगी. एकतीस वर्षं इथल्या फाउंड्रीत त्यानं ओतकामाचे लाकडी पॅटर्न केले. फाउंड्री बंद पडली तेव्हा त्याच पटाश्या घेऊन तो गॅरेजमध्ये शिरला आणि नेमबाजीच्या स्पर्धांसाठी रायफली बांधू लागला. वीस वर्षांत अठ्ठावीस. माणसाचा गाल, मान, हाताची लांबी मापून एकेक. लोरेटा केफार्टची एकोणतिसावी.

लोरेटा शाळेची बस चालवते. शेहेचाळीस वर्षांची, मान आखूड, गालाचं हाड वर आलेलं. राज्याच्या संघात सहाच जणांना जागा असते आणि ती सलग दोन वर्षं सातवी आली होती. जुन्या रायफलीची नळी झिजली होती. यंदा निवड जूनच्या दुसऱ्या शनिवारी. यंदाही जागा मिळाली नाही तर पुढच्या वर्षी डोळे एवढे साथ देतील का, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

रायफल सेमी-ऑटोमॅटिक. गोळी सुटली की तिचाच वायू आतला बोल्ट मागं फेकतो, रिकामं काडतूस बाहेर उडतं, आणि स्प्रिंग बोल्टला पुढं ढकलत नवी गोळी नळीत बसवते. "हातानं ओढायच्या रायफलीत लाकूड नुसतं बसून असतं," ऑगी सांगायचा. "हिच्यात दर गोळीला लोखंड मागं धावतं, पुढं येऊन आदळतं. दहा गोळ्या म्हणजे वीस गुद्दे. लाकूड केसभर ढिलं राहिलं, तर पुढची गोळी कुठं जाईल ते मला विचारू नका."

म्हणून तो लोखंडाला दिव्याची काजळी लावायचा, लाकडात बसवायचा, उचलायचा. लाकडावर काळं उमटलं तिथं लाकूड जास्त. तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा खरवड. अक्रोडाचा तो ओंडका गॅरेजच्या माळ्यावर नऊ वर्षं वाळलेला. त्यात मधासारख्या पिवळ्या आणि धुरासारख्या काळ्या रेषा फिरत गेलेल्या. मुठीच्या जागी इंचात बावीस रेघांची जाळी. तेल नुसत्या तळहातानं चोळलेलं, कातडी तापेपर्यंत. नऊ महिने.

"लग्नाच्या दिवशीसुद्धा मला कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं," त्याची बायको डोलोरेस म्हणायची. तिच्या पिठाच्या डब्यातसुद्धा अक्रोडाचा भुसा सापडायचा.

मे संपता संपता रायफल लोरेटाच्या हातात आली आणि भानगड सुरू झाली.

घाईच्या डावात बसून दहा गोळ्या मारायच्या असतात, मिनिटभरात. तिच्या आठ गोळ्या एकमेकींना चिकटून आणि दोन बाहेर, वर उजवीकडे. दर वेळी आठ आणि दोन. ऑगीनं रायफल परत नेली, लाकूड तपासलं, स्क्रू तपासले, स्वतः टेबलावर टेकवून दहा मारल्या. दहाच्या दहा कॉफीच्या कपाखाली झाकतील अशा.

"रायफल ठीक आहे," त्यानं फोनवर सांगितलं.

"म्हणजे मी वाईट आहे?"

"मी तसं कुठं म्हटलं?"

"म्हणालात की! जुन्या रायफलीवर माझ्या अशा दोन कधी जात नव्हत्या, ऑगी. तिची नळी झिजलीय, तरीसुद्धा नाही. शनिवारपर्यंत बघा. नाहीतर मी जुनीच घेऊन जाते आणि पुन्हा सातवी येते, झालं."

तिसऱ्यांदा रायफल परत आली तेव्हा ऑगी जेवेना. ताटातली हलुश्की, कोबीत परतलेल्या नूडल्स, थंड होत होती आणि तो काट्यानं कोबी इकडून तिकडं ढकलत होता.

"कुठल्या दोन?" तो एकदम म्हणाला.

"काय कुठल्या?" डोलोरेस म्हणाली.

"दहातल्या कुठल्या दोन बाहेर जातात? घाईच्या डावात सगळी भोकं एकदमच दिसतात. पहिली कुठली, दहावी कुठली, कुणालाच ठाऊक नाही. डोलोरेस, तुझ्याकडं लिपस्टिक किती आहेत?"

"तीन. का? तुला लावायचीय?"

बुधवारी आम्ही क्लबच्या रेंजवर होतो. मी, त्यांची शेजारीण, दोनशे यार्डांवर, टार्गेटखालच्या खड्ड्यात, वॉकी-टॉकी घेऊन. डोलोरेस घडीच्या खुर्चीवर, मांडीत बीटाच्या रसातल्या लाल अंड्यांची बरणी. ऑगीच्या डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूमुळे गाडी तीच चालवते. ऑगी गोळ्यांच्या टोकांना लिपस्टिक फासत बसला होता. गोळी कागदातून जाते तेव्हा भोकाच्या कडेला रंग राहतो.

"शेवटच्या तीन रंगवल्यात," तो म्हणाला. "नळी तापते म्हणून जात असतील."

लोरेटानं दहा मारल्या. मी टार्गेट खाली ओढलं.

"लाल आत, गुलाबी आत, केशरी आत. बाहेरच्या दोघी साध्या."

"नळी नाही म्हणजे." त्याच्या आवाजात निराशेपेक्षा मजा जास्त होती. "मधल्या रंगवू."

मधल्याही आत. मग पहिल्या तीन रंगवल्या, पहिली लाल, दुसरी गुलाबी, तिसरी केशरी. या वेळी टार्गेट खाली आलं आणि मी दोनदा बघून घेतलं.

"लाल बाहेर. केशरी बाहेर. गुलाबी आत."

"पहिली आणि तिसरी," ऑगी म्हणाला. "दुसरी आत. असं कसं? एक बाहेर, एक आत, एक बाहेर, मग सगळ्या आत?"

"नियमच आहे ना," लोरेटा म्हणाली. "पहिल्या मॅगझिनमध्ये दोन गोळ्या, दुसऱ्यात आठ. तिसरी म्हणजे दुसऱ्या मॅगझिनमधली पहिली."

हे ऑगीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आता ते वाक्य ऐकून तो उठून उभाच राहिला. नेमबाजी थांबली, लाल झेंडा खाली आला आणि मीही खड्ड्यातून वर आले.

"मॅगझिन लाव," तो लोरेटाला म्हणाला. "रिकामंच. बोल्ट ओढ आणि सोड. माझ्याकडं बघू नको, नेहमी करतेस तसं कर."

तिनं बोल्ट ओढला, सोडला.

"आवाज कुठाय?"

"कसला आवाज?"

"परत कर."

परत केलं. तिनं बोल्ट सोडलाच नव्हता. झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार लावावं तसा हाताच्या कडेनं धरून, अगदी अलगद पुढं नेऊन टेकवला होता.

"जुन्या रायफलीला असंच करायचीस?"

"छे! तिला काय, खाडकन सोडून द्यायची."

"मग हिला का?"

लोरेटाचे कान लाल झाले. "ऑगी, हिच्याकडं बघा तरी! नऊ महिने चोळलीय तुम्ही. हिच्यात काही धाडकन आदळू द्यायला माझा हातच धजत नाही."

डोलोरेस अंडं चावता चावता थांबली. ऑगी दोन पावलं गेला, परत आला.

"अगं पोरी, आठ वेळा स्प्रिंग बोल्टला ढकलून घरात बसवते. दर मॅगझिनची पहिली गोळी हातानं भरायची, त्या दोन वेळा तू त्याचा हात धरून दारापर्यंत नेतेस. तो उंबऱ्यावरच बसतो! गोळी वेगळी जाणार नाही तर काय होईल? सोड त्याला. जोरात."

तिनं ओढला, सोडला. हात आपोआप मागोमाग गेला. पुन्हा. पुन्हा. सहाव्यांदाही हात बोल्टच्या मागंच.

"होत नाही हो," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. "कळतंय सगळं, पण हातच ऐकत नाही."

ऑगीनं रायफल घेतली, बोल्ट मागं अडकवला, मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे हे बोटानं चाचपलं. मग खिशातून चाकू काढून पात्याचं टोक दस्त्यावर ठेवलं.

"एक ओरखडा हवा," तो म्हणाला. "नवी आहे तोवर तू हिला फुलासारखी जपणार. एकदा जुनी झाली की सुटलीस."

टोक तिथंच राहिलं. मधाच्या रंगाच्या रेषेवर. ऑगीनं पवित्रा बदलला, चाकू जरा खाली नेला, मग जरा वर.

"तूच कर," त्यानं चाकू लोरेटापुढं धरला.

"मी? मरेन पण करणार नाही!"

"एवढंसंच."

"तुम्ही का नाही करत मग?"

"माझा हात थरथरतोय."

"थरथरत बिरथरत काही नाही," डोलोरेस खुर्चीतून उठत म्हणाली. तिनं हाताला लागलेला बीटाचा रस स्कर्टला पुसला, ऑगीच्या हातातून रायफल घेतली, ट्रकच्या मागच्या फळीपाशी गेली आणि दस्ता फळीच्या पत्र्यावर आडवा खरडला. कर्र् असा आवाज झाला. मग दुसऱ्या बाजूनं एकदा आपटलाही.

लोरेटानं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"नऊ महिने माझ्या स्वयंपाकघरात भुसा," डोलोरेस म्हणाली. "घे."

ओरखडा बोटभर लांब होता, आणि खाली एक पोचा. लोरेटानं त्यावरून अंगठा फिरवला. मग बोल्ट ओढला आणि सोडून दिला.

खटाक!

"हां," ऑगी म्हणाला. "परत."

खटाक!

मी खड्ड्यात परत गेले. दहा गोळ्या झाल्या. टार्गेट खाली आणलं तेव्हा रंग शोधावे लागले, कारण भोकं एकमेकांत मिसळली होती.

"बाहेर किती?" वॉकी-टॉकीवर ऑगी.

"एकही नाही."

शनिवारी लोरेटा पाचवी आली. संघात. तिनं फोन केला तेव्हा ऑगीनं अभिनंदन केलं की नाही हे मला माहीत नाही, कारण मी त्यांच्याकडं पोचले तेव्हा फोन आधीच सुरू होता आणि तो सारखा एकच विचारत होता. "पहिल्या गोळीला हात मागं गेला का? तिसऱ्या गोळीला? एकदाही नाही ना?"

फोन ठेवून त्यानं जुनी वही काढली, अठ्ठावीस नावांची, आणि पहिल्या नावापासून फोन लावायला घेतले.

"हॅलो, लेस्टर? ऑगी बोलतोय. तुझी रायफल जवळ आहे? रिकामी आहे ना? आधी बघ. परत बघ. हां. आता फोन तिच्याजवळ धर, बोल्ट ओढ आणि नेहमीसारखा सोड."

त्यानं रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला, डोलोरेसलाही ऐकू जावं म्हणून. ती सिंकपाशी भांडी धूत होती. तिनं नळ बंद केला. आम्ही तिघं कान देऊन थांबलो.

"ऐकू आलं काही?" ऑगीनं विचारलं.

"नाही," डोलोरेस म्हणाली.

"मलाही नाही." त्यानं रिसीव्हर परत कानाला लावला. "लेस्टर, तू घरीच थांब. मी डोलोरेसला घेऊन येतोय."